घरची पहिली गाय : आधी वैरण, मग गाय, मग धार

रत्नागिरी जिल्ह्यात चार महिने धो धो पाऊस पडतो, डोंगर गुडघाभर गवताने हिरवे होतात, आणि तरीही गावातल्या दुकानात सकाळी मिळणारे पिशवीचे दूध बहुतेक वेळा घाट उतरून आलेले असते. पूर्वी जवळजवळ प्रत्येक घरी गोठा होता. नांगराला बैल हवेत आणि शेताला शेणखत हवे म्हणून गाय असे. दूध हा वरचा लाभ. पॉवर टिलर आल्यावर बैल गेले, बैलांमागोमाग गाय गेली आणि गोठ्याच्या जागी लाकडे, कौले भरली गेली. त्यामुळे आज पस्तिशी-चाळिशीत असलेल्या अनेकांनी धार काढताना आजीला पाहिले आहे, पण स्वतःचा हात कधी सडाला लावलेला नाही.

अलीकडे हे चित्र थोडे बदलत आहे. घरच्या दुधासाठी, बागेला शेणखत मिळावे म्हणून एखादी गाय ठेवावी असे अनेकांच्या मनात येते. २०२० च्या टाळेबंदीत मुंबईहून गावी येऊन राहिलेल्या काही कुटुंबांनीही तसा विचार केला. विचार चांगला आहे. मात्र गाय आणल्यावर पहिल्या वर्षातच ती विकण्याची किंवा मोकाट सोडण्याची पाळी येते, ती मुख्यतः दोन कारणांनी. पहिले, चैत्र-वैशाखात घरात वैरण नसते. दुसरे, धार नीट न काढल्याने कासेचा आजार होतो, सड बाद होतो आणि गाय लवकर आटते. दोन्ही गोष्टी टाळता येण्यासारख्या आहेत, पण त्यांची तयारी गाय दारात येण्यापूर्वी करावी लागते. म्हणून या लेखात गायीच्या आधी वैरणीचा विचार केला आहे.

तयारीचे वर्ष जूनपासून धरावे

बहुतेक जण गाय मनात आली की लगेच विकत घेतात. त्याऐवजी गाय दिवाळीनंतर घ्यायची असे ठरवून तयारी आधीच्या जूनमध्ये सुरू करावी. क्रम असा ठेवावा :

१. जून : पावसाच्या सुरुवातीस संकरित नेपियर गवताची लागवड.
२. जुलै-ऑगस्ट : गोठ्याची पाहणी. छप्पर कोठे गळते, पाणी कोठे साचते, हे याच दिवसांत कळते.
३. दसऱ्याच्या सुमारास : डोंगरी गवताची कापणी व वाळवण.
४. भातकापणी-मळणीनंतर : पेंढ्याची साठवण.
५. दिवाळीनंतर : नुकतीच व्यालेली, वासरासह गाय.

मे महिन्यात आपल्या विहिरीला किती पाणी असते हेही आठवून पाहावे. लहान चणीच्या गायीला पिण्यासाठी दिवसाला ३० ते ४० लिटर पाणी लागते, उन्हाळ्यात त्याहून अधिक. धुणे-सारवणे वेगळे. पावसाचा जिल्हा असूनही एप्रिल-मे मध्ये आपल्याकडील अनेक वाड्यांत पाणी विकत किंवा टँकरने येते. अशा ठिकाणी गाय ठेवण्यापूर्वी पाण्याची सोय आधी करावी.

वैरणीचा हिशोब

जनावराला रोज त्याच्या वजनाच्या सुमारे अडीच ते तीन टक्के शुष्क पदार्थ लागतात. शुष्क पदार्थ म्हणजे वैरणीतील पाण्याचा अंश वजा जाता उरलेला भाग. २०० किलो वजनाच्या गायीस हा ५ ते ६ किलो लागतो. हिरव्या नेपियरमध्ये तो साधारण पाचवा हिस्सा असतो, वाळलेल्या पेंढ्यात नऊ-दशांश.

जून ते ऑक्टोबर या काळात चराई व हिरवे गवत भरपूर असते, तेव्हा रोज एक किलोभर पेंढा पुरतो. खरा प्रश्न नोव्हेंबर ते मे या ७ महिन्यांचा, म्हणजे २१२ दिवसांचा. या काळात रोज ४ किलो वाळलेली वैरण, ६ किलो हिरवी वैरण आणि १ किलो खुराक धरला तर गायीचे पोट भरते. यावरून :

- वाळलेली वैरण : कोरड्या काळात सुमारे ८५० किलो, पावसाळ्यात १५० किलो आणि नासधूस धरून वर्षाला साधारण १२०० किलो.
- हिरवी वैरण : कोरड्या काळात सुमारे १२७५ किलो.

भाताच्या एका गुंठ्यातून साधारण ३५ ते ४० किलो पेंढा मिळतो. म्हणजे केवळ पेंढ्यावर भागवायचे तर ३० ते ३५ गुंठे भाताचा पेंढा हवा. एवढी शेती नसेल तर निम्मे डोंगरी गवत व निम्मा पेंढा असा मेळ घालावा. पेंढ्या मोजताना अंदाज चुकतो, कारण प्रत्येक घरची पेंढी लहान-मोठी असते. आपल्या दहा पेंढ्या तराजूवर घालून सरासरी वजन काढावे आणि मगच किती पेंढ्या हव्यात ते ठरवावे. कमी पडणार असेल तर नोव्हेंबरातच विकत घ्यावा. एप्रिलमध्ये पेंढा मिळत नाही आणि मिळाला तर परवडत नाही.

डोंगरी गवत आपण बहुधा ते उभेच वाळल्यावर कापतो. तोपर्यंत बी गळून जाते, काडी कडक होते आणि प्रथिने घटतात. गवत फुलोऱ्यात असताना कापले तर तेवढ्याच भाऱ्यात अधिक सकस वैरण मिळते. परतीच्या पावसाची अडचण खरी आहे. म्हणून सारे गवत एकदम न कापता उघडीप पाहून दोन-तीन टप्प्यांत कापावे व नीट वाळवूनच गंजी घालावी. भिजून काळा पडलेला, बुरशीचा वास येणारा पेंढा गायीला घालू नये. तो खताच्या खड्ड्यात टाकावा.

गंजी घरापासून व चुलीपासून दूर, उंच जागी, खाली दगड-लाकडे टाकून रचावी. फेब्रुवारीपासून डोंगराला वणवे लागतात. गंजीभोवती किमान ३ मीटर रुंदीचा पट्टा गवत काढून साफ ठेवावा. वर्षाची वैरण एका दुपारी जळून गेल्याचे प्रकार आपल्याकडे नवे नाहीत.

हिरवी वैरण परसातच

संकरित नेपियर हे बहुवर्षायू गवत एकदा लावले की तीन-चार वर्षे उत्पादन देते. पाण्याचा निचरा होणारी जागा निवडून ९० × ६० सेंटिमीटर अंतरावर दोन डोळ्यांची कांडी किंवा मुळासह ठोंब लावावेत. एका गुंठ्यात सुमारे १८५ ठोंब बसतात. लागवडीपूर्वी भरपूर शेणखत द्यावे. पहिली कापणी ६० ते ७५ दिवसांनी, पुढच्या ४० ते ५० दिवसांच्या अंतराने कराव्यात. कापताना जमिनीपासून १० ते १५ सेंटिमीटर उंची ठेवावी. अगदी बुडाशी कापल्यास फुटवे कमी येतात.

जांभ्या जमिनीत पाणी व शेणखत मिळाले तर गुंठ्यामागे वर्षाला एक टन हिरवी वैरण हा सावध अंदाज आहे. एका लहान गायीसाठी ३ गुंठे पुरेसे होतात. त्यात सुमारे ५५५ ठोंब बसतात. एका टोकापासून रोज बारा-तेरा ठोंब कापत गेले की दुसऱ्या टोकाला पोहोचेपर्यंत ४५ दिवस होतात आणि पहिले ठोंब पुन्हा कापणीला आलेले असतात. न्हाणीघराचे व गोठा धुतल्याचे पाणी या गवताकडे वळवल्यास विहिरीवरचा ताण कमी होतो.

नेपियर कुट्टी करूनच घालावे. अखंड घातल्यास गाय पाने ओढते, दांडे तुडवते आणि तिसरा हिस्सा शेणात जातो. केवळ नेपियरवरही भागत नाही. भातानंतर ओलीवर घेतलेल्या कुळीथ, वाल, चवळी यांचा पाला व भुसा फेकून किंवा जाळून न टाकता साठवावा. द्विदल पिकांचा हा भुसा पेंढ्यापेक्षा कितीतरी सकस असतो. बांधावर शेवरी, सुबाभूळ, गिरिपुष्प लावल्यास उन्हाळ्यात पाला मिळतो. सुबाभळीचा पाला एकूण हिरव्या वैरणीच्या एक-तृतीयांशाहून अधिक देऊ नये. गिरिपुष्पाचा पाला तोडून सुकवून दिल्यास गाय लवकर सवय लावून घेते.

पेंढा सकस करण्याची पद्धत

भाताच्या पेंढ्यात पचणारी प्रथिने जवळजवळ नसतातच. युरिया प्रक्रियेने त्याची पचनीयता वाढते. १०० किलो पेंढ्यासाठी ४ किलो युरिया ५० ते ६० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवावा. जमिनीवर प्लॅस्टिक अंथरून पेंढ्याचा थर द्यावा, त्यावर द्रावण झारीने सारखे शिंपडावे, तुडवून हवा काढावी, पुन्हा थर द्यावा. शेवटी वरून प्लॅस्टिकने हवाबंद झाकून २१ दिवस ठेवावे. वापरताना लागेल तेवढाच पेंढा काढून तासभर हवेत पसरावा म्हणजे उग्र वास जातो. सुरुवातीस साध्या पेंढ्यात थोडा थोडा मिसळून आठवड्याभरात सवय लावावी.

यात दोन गोष्टी जिवाशी संबंधित आहेत. सहा महिन्यांखालील वासरांना हा पेंढा देऊ नये. आणि युरियाचे पाणी कोणत्याही जनावराच्या तोंडाशी येऊ देऊ नये. ते प्याल्यास विषबाधा होऊन गाय थोड्याच वेळात दगावू शकते. द्रावणाची बादली काम संपताच धुऊन ठेवावी.

कोणती गाय घ्यावी?

शिकणाऱ्या कुटुंबाने पहिली गाय लहान चणीची, शांत आणि दुसऱ्या वेतातील घ्यावी. आपल्या भागातील गायीला २०१८ मध्ये ‘कोकण कपिला’ या नावाने जात म्हणून राष्ट्रीय नोंद मिळाली. कर्नाल येथील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने ही नोंद केली आहे. ही गाय रोज साधारण दोन-तीन लिटर दूध देते. संकरित जर्सी गाय याच्या तिप्पट-चौपट देऊ शकते. पण तिला वैरण, खुराक, पाणी सर्वच त्या प्रमाणात अधिक लागते, दमट उकाडा सोसत नाही आणि आजारपण लवकर येते. कपिला मात्र उतारावर चरते, मुसळधार पावसात टिकते आणि थोडक्या वैरणीवर राहते. दूध विक्रीचा व्यवसाय करायचा असेल तर संकरित गायीचा विचार जरूर करावा. घरचे दूध आणि बागेचे खत हा उद्देश असेल तर कपिला बरी.

खरेदी करताना पुढील बाबी पाहाव्यात :

१. सलग तीन वेळच्या धारा आपल्यासमोर काढायला लावाव्यात. पहिली धार मोजू नये, कारण विकणाऱ्याने आदल्या वेळचे दूध कासेत ठेवलेले असू शकते.
२. चारही सडांतून सारखी धार येते ना, कासेत गाठ नाही ना, हे हात लावून पाहावे. धार काढल्यावर चांगली कास मऊ, सुरकुतलेली होते.
३. गाय नवख्या माणसाला जवळ येऊ देते का, ते पाहावे.
४. पशुवैद्यकाकडून तपासणी करून घ्यावी. सांसर्गिक गर्भपात व क्षय यांची चाचणी टाळू नये, कारण हे आजार माणसालाही होतात.
५. कानात १२ अंकी बिल्ला आहे ना आणि लसीकरण कधी झाले, ते विचारावे.

गोठा

गोठ्याविषयी थोडक्यात सांगता येईल. जोते उंच असावे, पावसाची झड आत येऊ नये, हवा मात्र खेळती असावी. एका गायीस उभे राहण्यास सुमारे पावणेदोन मीटर लांब व एक ते सव्वा मीटर रुंद जागा पुरते. जमीन खडबडीत जांभ्या चिऱ्याची, मागे मूत्राच्या नालीकडे किंचित उताराची करावी. गुळगुळीत लादी नको, गाय घसरते. पावसाळ्यात पाय सतत ओलाव्यात राहिले की खूर कुजतात, म्हणून रोज कोरडा पाला किंवा भाताचे तूस अंथरावे. वासरू रात्री बंद दाराआड बांधावे. बिबट्याचा वावर आता वस्तीलगतही आहे. पहाटे गोठ्यात जाताना विजेरी नेण्याची सवय ठेवावी. पेंढ्यात आणि दगडांच्या फटीत फुरसे असते, हे कोकणात सांगायला नको.

धार काढण्याचा धडा

गाय दूध ‘चोरते’ असे आपण म्हणतो. प्रत्यक्षात पान्हा तिच्या इच्छेवर नसतो. वासराने ढुशी दिली, कोमट पाण्याने कास धुतली, ओळखीची भांडी वाजली की तिच्या मेंदूतून ऑक्सिटोसिन हे संप्रेरक रक्तात उतरते आणि मिनिटाभरात कास ताठते. हा परिणाम पाच ते सात मिनिटे टिकतो. तेवढ्या वेळात धार संपवली पाहिजे. गाय भ्याली, तिला मारले, कुत्रे भुंकले, नवखे माणूस समोर आले तर दुसरे संप्रेरक येऊन पान्हा थांबतो. मग कितीही ओढले तरी दूध उतरत नाही आणि सड मात्र दुखावतात.

पद्धत अशी :

१. वेळ ठरलेली असावी. सकाळ-संध्याकाळमध्ये शक्यतो बारा तासांचे अंतर ठेवावे.
२. गायीपुढे खुराक ठेवावा. नखे कापलेली असावीत. हात साबणाने धुवावेत.
३. वासरू सोडून मिनिटभर पिऊ द्यावे. देशी गाय वासराशिवाय सहसा पान्हवत नाही.
४. वासरू बाजूला करून कास व सड कोमट पाण्याने धुवावेत आणि स्वच्छ कोरड्या फडक्याने पुसावेत. ओल्या कासेवरून ओघळलेले पाणी थेट दुधात जाते.
५. प्रत्येक सडाच्या पहिल्या दोन-तीन धारा काळे फडके बांधलेल्या वाटीत घ्याव्यात. गुठळी, पाणचटपणा किंवा रक्त दिसले तर ते दूध घरच्या भांड्यात घेऊ नये. या धारा जमिनीवरही सोडू नयेत.
६. रोज एकाच बाजूने बसावे. सड पूर्ण मुठीत धरून अंगठा व तर्जनीने वरचा भाग आवळावा म्हणजे दूध परत वर जात नाही. नंतर मधले बोट, अनामिका, करंगळी या क्रमाने दाबत खाली यावे. मूठ सैल करावी, सड भरू द्यावा, पुन्हा दाबावे. ओढायचे नाही, दाबायचे.
७. सड आखूड असतील तर दोन-तीन बोटांत बसेल तेवढीच मूठ करावी. चिमटीने ओढणे केवळ शेवटच्या धारांपुरते ठेवावे. अंगठा मुडपून धार काढू नये. त्याने सडाला आतून इजा होते.
८. कासेत दूध ठेवू नये. वासरासाठी ठेवायचे असेल तर एक सड त्याच्यासाठी सोडावा आणि तो त्याने पूर्ण रिकामा केला ना, ते पाहावे.
९. धार संपल्यावर सड आयोडिनच्या सौम्य द्रावणात बुडवावेत. हे द्रावण पशुवैद्यकीय औषधांच्या दुकानात तयार मिळते. पुढच्या धारेपूर्वी सड धुण्यास विसरू नये.
१०. यानंतर अर्धा तास गाय उभी राहील अशा बेताने वैरण टाकावी. धार काढल्यावर सडाचे तोंड काही वेळ उघडे असते. गाय लगेच शेणात बसली तर जंतू आत शिरतात.

शिकणाऱ्याने पहिला सराव गायीवर करू नये. रबरी हातमोज्यात पाणी भरून एका बोटाच्या टोकाला टाचणीने भोक पाडावे व तो टांगून मुठीची धार काढण्याचा सराव करावा. दोन दिवसांत बोटांना क्रम कळतो. पहिल्या आठवड्यात हात दुखतात, धार बारीक येते. अशा वेळी जाणत्या माणसाने धार सुरू करावी व शेवटची पाच-दहा मुठी शिकणाऱ्याने काढाव्यात. हळूहळू प्रमाण उलटे करावे.

एका हाताची गाय धोक्याची

येथे स्वतःच्या घरची चूक सांगणे उपयोगी होईल. कृषिविद्या विषयातले माझे पदव्युत्तर शिक्षण झालेले, वैरणीचे गणित पाठ. त्यामुळे आमच्या गोठ्यात पेंढा, नेपियर, कडधान्याचा भुसा यांची कधी उणीव नव्हती. धार मात्र आई काढत असे आणि मी शिकण्याचे पुढे ढकलत गेलो. एका पावसाळ्यात आई तापाने अंथरुणाला खिळली. मी कासंडी घेऊन बसलो तर गाय पाय झाडू लागली. पान्हा आलाच नाही. जे चार ओंजळी दूध आले ते चिमटीने ओढून. दुसऱ्या दिवशी आईचे जुने लुगडे खांद्यावर टाकून बसलो, तेव्हा गाय थोडी शांत झाली, पण कास रिकामी होईना. तिसऱ्या दिवशी मागचा उजवा सड सुजून गरम झाला आणि गुठळ्या येऊ लागल्या. पशुवैद्यकांना बोलावण्यास मी आणखी एक दिवस लावला. गाय बरी झाली, तो सड कायमचा बाद झाला.

यात दोष गायीचा नव्हता. म्हणून गाय घेताना घरातील किमान दोन माणसांनी धार काढण्यास शिकावे आणि दोघांनीही आठवड्यातून आलटून पालटून ती काढावी, म्हणजे गायीला दोन्ही हात ओळखीचे राहतात. गायीचे काम बहुधा घरातील स्त्रीवर पडते आणि तिला माहेरी जायचे झाले तरी गायीमुळे जाता येत नाही. दुसरा हात तयार असेल तर तिचीही सुटका होते. दूध विकले जात असेल तर त्याचा हिशोब व पैसा तिच्याच हाती असावा.

पान्ह्यासाठी इंजेक्शन टोचण्याचा मार्ग कोणी सुचवला तर तो स्वीकारू नये. सुजलेल्या सडासाठी घरगुती लेपांत वेळ घालवू नये. त्याच दिवशी पशुवैद्यकांना दाखवावे. प्रतिजैविक दिले असेल तर ते सांगतील तितके दिवस दूध घरात किंवा विक्रीस वापरू नये.

चीक आधी वासराचा

गाय व्याली की घरात खरवसाचे वेध लागतात. परंतु वासरू जन्मते तेव्हा त्याच्या रक्तात रोगप्रतिकारक घटक जवळजवळ नसतात, ते त्याला चिकातूनच मिळतात. हे घटक आतड्यातून शोषण्याची क्षमता पहिल्या काही तासांतच असते, एका दिवसानंतर ती संपते. म्हणून जन्मल्यापासून एक-दोन तासांत वासराला चीक पाजावा. वार पडण्याची वाट पाहू नये. पहिल्या दिवशी वासराच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याएवढा चीक तीन-चार वेळा विभागून मिळावा. १५ किलोच्या वासराला दीड लिटर. त्यातून उरला तर खरवस. नाळ स्वच्छ ब्लेडने कापून टिंक्चर आयोडिन लावावे. जंताचे पहिले औषध दहा ते पंधरा दिवसांनी पशुवैद्यकांच्या सल्ल्याने द्यावे.

खुराक व खनिज मिश्रण

घरी खुराक करायचा झाल्यास १०० किलोसाठी भरडलेला मका किंवा तांदळाची कणी ३५ किलो, शेंगदाणा, सरकी किंवा खोबऱ्याची पेंड ३२ किलो, तांदळाचा कोंडा किंवा गव्हाचा भुसा ३० किलो, खनिज मिश्रण २ किलो व मीठ १ किलो असे प्रमाण घ्यावे. गायीस शरीरपोषणासाठी एक किलो व दर लिटर दुधामागे सुमारे ४०० ग्रॅम अधिक द्यावा. आपल्या दमट हवेत पेंडीला बुरशी लवकर धरते. म्हणून महिन्याभराचाच साठा करावा. बुरशीची पेंड स्वस्त मिळाली तरी घेऊ नये.

खनिज मिश्रण वगळू नये. अतिपावसाने आपल्या जमिनींतील चुना धुऊन गेलेला असतो, स्फुरदही कमी उपलब्ध होते आणि तेच वैरणीत उतरते. गाय हाडे, चिंध्या, माती चघळताना दिसली तर बहुधा ही कमतरता असते. लग्नकार्यातील उरलेला भात किंवा फणसाच्या हंगामातील टाकाऊ भाग एकदम पाटीभर घालू नये. पोटात आम्लता वाढून गाय दगावते. पेज, धुवण रोज थोडे दिल्यास चालते.

आरोग्य

पावसाळ्यापूर्वी घटसर्प व फऱ्या, वर्षातून दोनदा लाळ्या-खुरकूत यांच्या लसी टोचून घ्याव्यात. २०२२ मध्ये राज्यात लम्पी त्वचारोगाने अनेक जनावरे दगावली, त्याचीही लस दरवर्षी द्यावी. गोचीड हाताने काढून आगीत टाकावेत व गोठ्याच्या फटी साफ ठेवाव्यात. पावसाळ्यात गोठ्यात काम करताना हातापायाला जखम असल्यास ती झाकावी, गमबूट वापरावेत. जनावरांच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिसचा संसर्ग होतो. ताप आल्यास डॉक्टरांना घरी गाय असल्याचे सांगावे. दूध उकळल्याशिवाय कोणीही पिऊ नये.

पुढचे वेत आणि भाकड काळ

व्याल्यानंतर दोन-तीन महिन्यांनी माजावर आलेली गाय भरवावी. माज साधारण २१ दिवसांनी येतो. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी रेतन करावे. गाभणकाळ सुमारे २८० दिवसांचा असतो. कार्तिकात फळलेली गाय श्रावण-भाद्रपदात विते. तेव्हा हिरवी वैरण भरपूर असते आणि दुधाचा चढता काळ साधतो. जूनमध्ये, विण्यापूर्वी ६० दिवस, तिला आटवावी. दरवर्षी हे जमेलच असे नाही, पण याच बेताने पाहत राहावे.

गाय घेण्यापूर्वी घरातल्या सर्वांनी एका प्रश्नाचे उत्तर ठरवावे. दूध नसलेल्या महिन्यांत तिला कोण सांभाळणार आणि गोऱ्हा झाला तर त्याचे काय करणार? २०१५ पासून राज्यात गायीबरोबरच बैल व वळू यांच्याही कत्तलीस बंदी आहे आणि नांगराला बैल घेणारे आता थोडे आहेत. ‘नको झाली की विकू’ हा हिशोब धरू नये. रात्री रस्त्यावर बसलेली गुरे आणि त्यांना धडकून होणारे अपघात हे अशाच हिशोबातून आलेले आहेत. भाकड गायही रोज शेण देते, आणि आंबा-काजूच्या बागेला तेच हवे असते. हे शेणखत जमेस धरले तरच घरच्या एका गायीचा जमाखर्च जुळतो.

थोडक्यात

- गाय दिवाळीनंतर घ्यावी, तयारी जूनपासून करावी.
- एका लहान गायीस वर्षाला १२०० किलो वाळलेली वैरण व ३ गुंठे नेपियर हवे.
- घरातील दोन माणसांनी धार शिकावी. पाच ते सात मिनिटांत, पूर्ण मुठीने, कास रिकामी करावी.
- चीक पहिल्या दोन तासांत वासराला पाजावा.
- सड सुजल्यास त्याच दिवशी पशुवैद्यकांना बोलवावे.
- भाकड गायीची व गोऱ्ह्याची सोय आधी ठरवावी.

या वर्षी नेपियरचे ठोंब लावून जागा तयार झाली आणि पेंढा मोजून कमी भरला, तर गाय पुढच्या वर्षी घ्यावी. ठोंब वाया जात नाहीत. तोवर शेजारच्या गोठ्यात जाऊन धार काढण्यास शिकून घ्यावे.